नाव झाकावे, घटना नव्हे : शाळांतील लैंगिक छळाची निनावी कथने

प्रस्तावना

शाळेत झालेला लैंगिक छळ मुले शाळेत असताना सहसा सांगत नाहीत. पुष्कळशी मुले तो कधीच सांगत नाहीत, आणि जी सांगतात त्यांतील अनेकजण शाळा सुटल्यानंतर काही वर्षांनी, आपले नाव न देता सांगतात. इंटरनेटचा प्रसार झाल्यावर अशा निनावी कथनांना एक नवी जागा मिळाली. २०२० व २०२१ या वर्षांत ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि आपल्याकडे चेन्नई येथे अशी कथने मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाली, आणि सरकारांना व पोलिसांना त्यांची दखल घ्यावी लागली.

अशा वेळी शिक्षणसंस्थांमध्ये पहिला प्रश्न बहुधा 'हे कोणी लिहिले?' असा विचारला जातो. संस्थेची बदनामी करण्याचा हा कोणाचा डाव आहे, याचा शोध सुरू होतो. लिहिलेले खरे आहे काय, आणि खरे असेल तर ते शाळेतच का सांगता आले नाही, हे प्रश्न मागे पडतात. प्रस्तुत लेखात या कथनांचे स्वरूप, त्यांचे कायद्यातील स्थान, त्यांच्या मर्यादा आणि शाळा चालवणाऱ्या संस्थांवर येणारी जबाबदारी यांचा विचार केला आहे. हे विवेचन केवळ महानगरांपुरते राहू नये म्हणून शेवटी वडोदरा जिल्ह्यातील सावली या तालुक्याच्या गावाचा संदर्भ घेतला आहे. तेथील एखाद्या विशिष्ट घटनेची ही चर्चा नाही. लहान गावातील मुलीने तोंड उघडायचे ठरवले तर तिचा शब्द कोठे पोहोचू शकतो, एवढेच त्यातून पाहावयाचे आहे.

मुले का सांगत नाहीत?

भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बाल अत्याचारांविषयीचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा ही तिन्ही राज्ये त्यात होती. त्यातील ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा त्यांच्यावर अधिकार असलेले होते. बहुतेक मुलांनी झाला प्रकार कोणालाही सांगितला नव्हता, आणि मुलगेही यातून सुटलेले नव्हते.

न सांगण्याची कारणे शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. छळ करणारा शिक्षक असेल तर गुण त्याच्याच हातात असतात. तो शाळेचा कर्मचारी असेल तर मुलीच्या शब्दापेक्षा त्याच्या नोकरीचा विचार आधी होतो. तो वर्गातलाच मुलगा असेल तर 'पोरांचा खोडसाळपणा' म्हणून प्रकरण मिटवले जाते. या सर्वांपेक्षा मोठी भीती घरची असते. आपण सांगितले तर आपलीच शाळा बंद होईल, हे मुलीला पक्के ठाऊक असते. पुष्कळ घरांत मुलीला आठवी-नववीनंतर शिकवावे की नाही हा निर्णय आधीच काठावर असतो, आणि अशी एखादी बातमी तो निर्णय एका दिवसात फिरवू शकते. म्हणजे गुन्हा दुसऱ्याने करायचा आणि शिक्षण मात्र मुलीचे थांबायचे. या भीतीमुळे जे शाळेत असताना बोलता येत नाही, ते पुढे कधीतरी निनावी लिहिले जाते.

परदेशातील अनुभव

ब्रिटनमध्ये सोमा सारा या तरुणीने जून २०२० मध्ये 'एव्हरीवन्स इन्व्हायटेड' हा उपक्रम सुरू केला. शाळा-महाविद्यालयांतील लैंगिक छळाचे व अत्याचाराचे अनुभव तेथे नाव न देता लिहिता येत. मार्च २०२१ मध्ये लंडनमधील एका तरुणीच्या खुनानंतर देशभर संताप उसळला आणि या कथनांचा ओघ एकदम वाढला. काही महिन्यांत त्यांची संख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली. लिहिणाऱ्याचे नाव नाही आणि ज्याच्याविरुद्ध लिहिले त्याचेही नाव नाही, अशी या कथनांची पद्धत होती. शाळांची नावे मात्र जाहीर झाली. जून २०२१ मधील यादीत सुमारे तीन हजार शाळा होत्या.

तेथील सरकारने पुढे काय केले हे आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. कथने कोणी लिहिली याच्या शोधात न पडता शाळा तपासणाऱ्या 'ऑफस्टेड' या यंत्रणेला तातडीने पाहणी करण्यास सांगण्यात आले. तपासनीसांनी ३२ शाळा व महाविद्यालयांना भेटी दिल्या आणि नऊशेहून अधिक मुलामुलींशी ते बोलले. १० जून २०२१ रोजी अहवाल प्रसिद्ध झाला. दहापैकी सुमारे नऊ मुलींनी सांगितले की, लिंगभेदावरून हिणवणे आणि नको असलेली अश्लील छायाचित्रे पाठवणे हे प्रकार त्यांच्या भोवती नेहमी किंवा अधूनमधून घडतात. काही मुलांना हे इतके रोजचे वाटत होते की, तक्रार करण्यात अर्थच दिसत नव्हता. अहवालाने शाळांना सुचवले की, तक्रार आलेली नसली तरी छळ होतच आहे असे गृहीत धरून काम करावे. 'आमच्याकडे एकही तक्रार नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी २०२१ मध्ये शॅनेल कॉन्टोस या माजी विद्यार्थिनीने अशीच कथने गोळा केली. मागणी एकच होती : संमती म्हणजे काय हे शाळेतच आणि लवकर शिकवावे. एका वर्षाने, फेब्रुवारी २०२२ मध्ये, तेथील शिक्षणमंत्र्यांनी २०२३ पासून हे शिक्षण अनिवार्य करण्यास मान्यता दिली. दोन्ही देशांत निनावी शब्दांचे रूपांतर पाहणीत आणि अभ्यासक्रमात झाले. एकेका आरोपीचा निवाडा त्या कथनांवरून झाला नाही, आणि तसा तो होऊही शकत नव्हता.

चेन्नई आणि मलप्पुरम

मे २०२१ मध्ये करोनामुळे वर्ग ऑनलाइन भरत होते. चेन्नईतील एका नामवंत शाळेच्या शिक्षकाविरुद्ध माजी व चालू विद्यार्थिनींचे अनुभव एका तरुणीने नावे गाळून इन्स्टाग्रामवर प्रसिद्ध केले. ऑनलाइन वर्गातील असभ्य वर्तन, मुलींना पाठवलेले संदेश आणि शरीरावर केलेल्या शेरेबाजीच्या तक्रारी त्यात होत्या. एक-दोन दिवसांतच, २४ मे रोजी, त्या शिक्षकाला अटक झाली. त्यानंतर शहरातील इतर शाळांचे माजी विद्यार्थीही पुढे आले. तमिळनाडू सरकारने ऑनलाइन वर्गांसाठी नियम करण्याचे जाहीर केले.

पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, केरळच्या मलप्पुरम येथे एका शिक्षकाने निवृत्तीच्या वेळी आपल्या तीन दशकांच्या सेवेविषयी फेसबुकवर लिहिले. त्याखाली एका माजी विद्यार्थिनीने आपला अनुभव मांडला. तो वाचून अनेक माजी विद्यार्थिनी बोलू लागल्या, त्यांच्या संघटनेने पोलिसांकडे तक्रार नेली आणि शिक्षकाला अटक झाली.

या दोन प्रकरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. एकटी मुलगी गप्प राहते ती बहुधा 'हे माझ्याच बाबतीत झाले' या समजुतीने. दुसरीचा शब्द वाचल्यावर ती समजूत तुटते. निनावी कथनाचे सर्वांत मोठे काम हेच आहे. एका माणसाच्या वर्तनातील सातत्य, जे एकट्या तक्रारदाराला दिसत नाही, ते अनेक कथने एकत्र आली की दिसू लागते.

परंतु त्याला उशिराची किंमतही आहे. ज्या घटना २०१२ च्या नोव्हेंबरपूर्वी घडल्या त्यांना पॉक्सो कायदा लागू होत नाही. त्या जुन्या भारतीय दंड संहितेखालीच पाहाव्या लागतात. ज्या गुन्ह्यांची कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंतच आहे, त्यांची दखल घेण्यास न्यायालयांवर कालमर्यादाही असते. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना तशी मर्यादा नाही. वेळेवर ऐकून घेणारे कोणी शाळेतच असते, तर दहा-वीस वर्षांनी लिहावे लागले नसते.

कायदा काय झाकतो आणि काय उघड करायला लावतो

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ हा कायदा 'पॉक्सो' या नावाने ओळखला जातो. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, या कायद्याने बालक ठरते. केवळ शारीरिक स्पर्श म्हणजेच गुन्हा, असे हा कायदा मानत नाही. लैंगिक हेतूने शब्द उच्चारणे, हावभाव करणे, अश्लील चित्रे दाखवणे, वारंवार पाठलाग करणे किंवा इंटरनेटवरून सतत संपर्क साधणे हेही कलम ११ नुसार लैंगिक छळात मोडते. शिक्षणसंस्थेच्या किंवा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील अथवा सेवेतील माणसाने त्याच संस्थेतील बालकावर लैंगिक हल्ला केला, तर तो अधिक गंभीर गुन्हा समजला जातो. त्याला किमान पाच वर्षांची शिक्षा आहे.

या कायद्यात दोन तरतुदी शेजारी शेजारी आहेत आणि त्यांचा एकत्र विचार क्वचितच होतो.

पहिली तरतूद गुप्ततेची. कलम २३ नुसार कोणत्याही माध्यमातून बालकाची ओळख उघड करता येत नाही. नाव, पत्ता, छायाचित्र एवढेच नव्हे, तर कुटुंबाचा तपशील, शाळा आणि शेजार यांतील ज्या माहितीने ओळख पटेल ती सारी त्यात येते. उल्लंघन केल्यास सहा महिने ते एक वर्ष शिक्षा होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात ही गुप्तता अधिक स्पष्ट केली. दूरान्वयानेही ओळख पटेल असे काही छापू नये, असे त्या निकालाचे सांगणे आहे.

दुसरी तरतूद कळवण्याची. कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडण्याची शक्यता ज्याला वाटते, अशा प्रत्येक व्यक्तीने ते स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलेच पाहिजे. न कळवणाऱ्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर ती एक वर्षापर्यंत आहे आणि दंडही आहे. बालकाला मात्र न सांगितल्याबद्दल शिक्षा नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही.

दोन्ही एकत्र वाचल्यास कायद्याचा आशय उघड होतो : मुलाचे नाव झाकायचे आणि घटना सांगायची. प्रत्यक्षात आपल्या संस्थांमध्ये नेमके याच्या उलट घडते. घटना 'संस्थेच्या इभ्रतीसाठी' दडवली जाते, आणि मुलीचे नाव मात्र शिक्षक खोलीतून बाजारापर्यंत सर्वांना कळते. निनावी लिहिणारी मुलगी खरे म्हणजे कायद्याने तिला जे द्यायला हवे होते तेवढेच मागत असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. शिक्षिका व महिला कर्मचाऱ्यांच्या छळासाठी २०१३ चा वेगळा कायदा आहे आणि त्यानुसार अंतर्गत समिती चौकशी करते. काही शाळा विद्यार्थिनीची तक्रारही अशा समितीकडे सोपवून पोलिसांना कळवण्याचे टाळतात. हे कायद्याला धरून नाही. बालकाच्या बाबतीत 'आधी आमची चौकशी, मग पाहू' असा मार्गच उपलब्ध नाही. चौकशी समांतर चालू शकते, पण पोलिसांना कळवणे थांबू शकत नाही.

महाराष्ट्रातील दोन प्रकरणे

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे २०१९ मध्ये एका शाळेच्या वसतिगृहातील अल्पवयीन आदिवासी मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला अत्याचाराची माहिती होती, तरी त्याने ती पोलिसांना कळवली नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने डॉक्टरविरुद्धचा गुन्हा रद्द केला. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बाजूला ठेवला. माहिती असूनही न कळवणे हा स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे, तत्काळ माहिती न मिळाल्यास कायद्याचा हेतूच पराभूत होतो, असे या निकालाचे सूत्र आहे. म्हणजे गप्प बसणारा तिऱ्हाईत राहत नाही, तोही आरोपीच्या रांगेत येतो.

दुसरे प्रकरण ठाणे जिल्ह्यातील बदलापूरचे. ऑगस्ट २०२४ मध्ये एका शाळेतील सफाई कर्मचाऱ्याने चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार केल्याची तक्रार झाली. पालक पोलीस ठाण्यात गेले असता गुन्हा नोंदवण्यास अनेक तास लागल्याचा आरोप झाला. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. २२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. वेळेवर पोलिसांना न कळवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही पॉक्सोखाली गुन्हा दाखल झाला. राज्य शासनाने २१ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाने शाळांत कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि समित्या यांविषयी आदेश काढले. आरोपीचा पुढे सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू झाला, त्यामुळे त्याच्याविरुद्धचा खटला न्यायालयात निकालापर्यंत जाऊ शकला नाही.

बदलापूरच्या मुली चार वर्षांच्या होत्या. त्या काही लिहिणार नव्हत्या, निनावीही नाही. त्या वयाची मुले दुखते एवढेच सांगतात, किंवा शाळेत जायला नको म्हणतात. तेव्हा तक्रारपेटी आणि इंटरनेट हे मोठ्या मुलांचे मार्ग झाले. लहान मुलांच्या बाबतीत मोठ्यांचे कान हाच एकमेव मार्ग आहे.

निनावी कथनाच्या मर्यादा

कथनांची बाजू मांडताना त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. निनावी कथन हा पुरावा नव्हे. त्यातून कोठे पाहावे हे कळते, पण कोणी काय केले हे सिद्ध होत नाही. लिहिणारीला उलट प्रश्न विचारता येत नाही आणि आरोपीला उत्तर देण्याची संधीही मिळत नाही.

मे २०२० मध्ये दिल्लीतील शाळकरी मुलांच्या एका इन्स्टाग्राम गटातील संभाषणे बाहेर आली आणि देशभर चर्चा झाली. त्यासोबत फिरणारे एक संभाषण, ज्यात अत्याचाराचा बेत होता, ते त्या गटातील नव्हतेच, तर एका मुलीने मुलाच्या नावाने केलेले वेगळेच संभाषण होते, असे पोलिसांच्या तपासात निष्पन्न झाले. त्याच दिवसांत गुरुग्राममध्ये समाजमाध्यमावर नावानिशी आरोप झालेल्या एका शाळकरी मुलाने जीव दिला. आरोपाची शहानिशा होण्याआधीच ते घडले. त्या आरोपाविषयी येथे काहीही म्हणावयाचे नाही. मात्र अल्पवयीन मुलाचे नाव जाहीर लिहिण्याचे परिणाम कोणाच्याही हातात राहत नाहीत, हे त्यातून दिसते. गुन्हा करणारा अठरा वर्षांखालील असेल तर कायदा त्याला बाल न्याय मंडळापुढे नेतो आणि त्याचीही ओळख झाकतो.

खोट्या तक्रारीची भीती अनेकदा बोलून दाखवली जाते. कलम २२ मध्ये द्वेषाने खोटी माहिती देणाऱ्याला शिक्षा आहे, मात्र बालकाने तशी माहिती दिली असल्यास शिक्षा नाही. कायदा करणाऱ्यांनी ही सूट विचारपूर्वक ठेवली आहे. मुलाला गप्प बसवण्यासाठी 'खोटे निघाले तर तुरुंगात जाशील' ही धमकी वापरता येऊ नये, हा तिचा उद्देश आहे.

आणखी एक मर्यादा तांत्रिक आहे. इंटरनेटवर नाव लपवले तरी फोन क्रमांक, खाते आणि जोडणीची नोंद मागे राहते. पोलिसांना ती कायद्याने मिळवता येते आणि वर्गातल्या मैत्रिणीला ती अंदाजाने मिळते. यामुळे निनावीपणावर पूर्ण भरवसा ठेवून मुलांनी इंटरनेटवर सर्व काही लिहावे, असा सल्ला कोणी देऊ नये.

सावलीसारख्या गावी

सावली हे वडोदरा शहराच्या उत्तरेला असलेले तालुक्याचे गाव. पूर्वी ते बडोदे संस्थानात होते. याच संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले. मूल शाळेत पाठवणे हे राज्याने पालकांवर बंधनकारक केले, म्हणजे शाळेत ते सुरक्षित ठेवण्याची हमीही त्यात आलीच. आज सावली-मंजुसर भागात औद्योगिक वसाहत आहे, बाहेरून कामासाठी आलेली कुटुंबे आहेत, आणि आजूबाजूच्या खेड्यांतील मुले बसने किंवा रिक्षाने शाळेत येतात.

अशा गावात निनावीपणाचे पांघरूण फार पातळ असते. मुंबईत किंवा चेन्नईत 'नववीतली एक मुलगी' म्हटले तर हजारो मुली असतात. तालुक्याच्या गावी 'अमुक शाळा, नववी, विज्ञानाचे सर, रिक्षाने येणारी' एवढे म्हटले की संध्याकाळपर्यंत घर कळते. कलम २३ मध्ये शाळा व शेजार यांचाही उल्लेख का आहे, हे अशा गावात लगेच समजते. महानगरातील मुलीला जो आधार इंटरनेट देते तो येथे पुरा पडत नाही. म्हणून येथे जवळचे, विश्वासाचे आणि कमीत कमी माणसांचे मार्ग लागतात.

असे मार्ग अस्तित्वात आहेत. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी देशभर चालते. गुजरातमध्ये महिलांसाठी १८१ ही 'अभयम्' मदतवाहिनी आहे. २०१५ पासून ती राज्यभर उपलब्ध असून दिवसरात्र सुरू असते. जिल्ह्याच्या ठिकाणी बालकल्याण समिती आणि बाल संरक्षण कक्ष आहे. पोलिसांना माहिती मिळाल्यावर चोवीस तासांत ती बालकल्याण समितीला व विशेष न्यायालयाला कळवावी लागते. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. रात्री तिला पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. न्यायालयात तिला आरोपीसमोर उभे करावयाचे नसते. पालकांनी 'पोलीस दारात येतील, गाव बघेल' या भीतीने माघार घेण्याआधी या तरतुदी त्यांना माहीत असायला हव्यात. त्या सांगणे हे शाळेचे काम आहे, आणि गुजराती, मराठी, उर्दू, हिंदी अशी जी भाषा घरी बोलली जाते त्या भाषेत सांगणे अधिक उपयोगाचे.

संस्थांनी करावयाच्या गोष्टी

शैक्षणिक संस्थांपैकी अल्पसंख्याक संस्थांना काही बाबतींत वेगळे स्थान आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या प्रमती निकालात शिक्षण हक्क कायदा त्यांना लागू नसल्याचे ठरवले, आणि २०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने त्या निकालाचा फेरविचार व्हावा असे मत नोंदवले. हा वाद पुढे कसाही सुटो, पॉक्सो कायद्यातून मात्र कोणत्याही संस्थेला सूट नाही. शासकीय, अनुदानित, खासगी, अल्पसंख्याक, निवासी मदरसा, मठ किंवा मिशनची शाळा, सर्वांना तो सारखाच लागू आहे. या दृष्टीने पुढील गोष्टी प्रत्येक संस्थेला करता येण्यासारख्या आहेत.

१. २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करणे आवश्यक आहे. कंत्राटी सफाई कामगार, वाहनचालक आणि शिकवणी घेणारे यांनाही त्यातून वगळू नये.

२. बालसुरक्षेचे लेखी धोरण करून ते पालकांना द्यावे. त्यात तक्रार कोणाकडे करावी, आणि ती करणाऱ्या मुलाचे शिक्षण व गुण यांवर परिणाम होणार नाही, याची हमी स्पष्ट लिहावी.

३. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी, सर्वांच्या नजरेसमोर लावल्यास तिचा उपयोग होत नाही. ती जाता-येता चिठ्ठी टाकता येईल अशा जागी असावी, ठरलेल्या दिवशी उघडावी, आणि उघडताना शाळेबाहेरची एक विश्वासू स्त्री व पालकांचा प्रतिनिधी हजर असावा. चिठ्ठीवर नाव नसले तरी तिची नोंद व्हावी. हस्ताक्षर ओळखण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

४. निनावी चिठ्ठीत किंवा इंटरनेटवर आपल्या शाळेविषयी काही आले तर प्रथम त्यातील घटनेकडे पाहावे. बालकावर गुन्हा घडल्याचे त्यातून कळत असेल तर पोलिसांना कळवण्याचे कर्तव्य तेथेच सुरू होते. नाव नाही म्हणून ते संपत नाही.

५. आरोप झालेल्या कर्मचाऱ्याला तपास होईपर्यंत मुलांपासून दूर ठेवावे, पण त्याचे नाव संस्थेने जाहीर करू नये. गुपचूप राजीनामा घेऊन दुसऱ्या शाळेत जाण्यास मोकळे सोडणे हा सर्वांत घातक प्रकार आहे. त्याने फक्त पुढच्या शाळेतल्या मुलींवर संकट जाते.

६. वर्षातून एकदा मुलांना नाव न लिहिता काही प्रश्नांची उत्तरे द्यायला सांगावे : शाळेत, वाटेत किंवा फोनवर कशाची भीती वाटते? काही झाले तर शाळेत कोणाला सांगाल? दुसऱ्या प्रश्नाला 'कोणालाच नाही' असे उत्तर देणाऱ्यांची संख्या ही त्या शाळेची खरी परीक्षा आहे.

७. पालकसभेत एक वाक्य ठामपणे सांगावे : मुलीने सांगितले म्हणून तिची शाळा बंद करू नका. ते वाक्य संस्थेचे प्रमुख, स्थानिक वडीलधारी आणि शिक्षिका यांनी एकत्र सांगितले तर त्याला वजन येते.

समारोप

निनावी कथने वाढली म्हणून शाळा पूर्वीपेक्षा वाईट झाल्या असा निष्कर्ष काढता येत नाही. पूर्वी जे सांगायला जागा नव्हती ते आता कोठेतरी सांगितले जाते, इतकेच त्यावरून म्हणता येते. ही कथने न्यायालयाची जागा घेऊ शकत नाहीत आणि त्यांनी ती घेऊही नये. पण संस्थेसाठी ती एक सूचना असते की, आपल्या आवारात कोणाला तरी सांगण्याजोगे माणूस मिळाले नाही.

ती सूचना मिळाल्यावर लिहिणारीचा शोध घेणे सोपे असते आणि लहान गावात तर फारच सोपे. त्या शोधाने शाळेची इभ्रत राखली जात नाही. मुलीचे नाव सांभाळून घटना योग्य ठिकाणी पोहोचवली, तिचे शिक्षण चालू राहिले आणि दोषी माणसाला दुसऱ्या शाळेची वाट मोकळी मिळाली नाही, तर पालक पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीलाही त्याच शाळेत पाठवतात. शाळेची इभ्रत याच विश्वासावर उभी असते.